उद्याची बंदूक आणि आजचे फासे

फाशांचे खेळ आपल्याला नवे नाहीत. सारीपाटात किंवा सापशिडीत जितके दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे सरकते आणि प्रश्न मिटतो. परंतु १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्यात फासे राहिले तरी पटाचे महत्त्व संपले. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. त्याने प्रसंग उभा करायचा, इतरांनी आपापले पात्र काय करील ते सांगायचे आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकायचे. नाटकाची तालीम आणि सारीपाट यांच्या मधली ही वस्तू आहे. १९७७ मध्ये मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' निघाला आणि हा खेळ राक्षसांच्या भुयारातून थेट अंतराळात गेला. १९७८ साली त्याच खेळाच्या 'मर्सिनरी' या पुस्तकात 'गाउस रायफल' अवतरली. ही दारूने नव्हे तर विजेच्या व चुंबकाच्या जोरावर सुईसारखी गोळी फेकणारी बंदूक. विद्युत्-चुंबकीय तोफेची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे; नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलँड यांनी १९०१ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

येथे एक अडचण उभी राहते. तलवार संग्रहालयात आहे, रायफलीचे आकडे पुस्तकात आहेत. पण जी बंदूक अजून कोणी बनवलेलीच नाही तिची गोळी लागली तर किती फासे टाकायचे? सूत्रधार म्हणेल ते, असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ते मला मान्य नाही. एखाद्या खेळाडूने वर्षभर एक पात्र जपलेले असते, त्याला स्वभाव दिलेला असतो, शत्रू-मित्र दिलेले असतात. ते पात्र एका गोळीत मरणार असेल तर 'मला वाटले म्हणून' हे कारण पुरेसे नाही. खेळाडूला 'ही गोळी किती जोराने आली?' असे विचारण्याचा हक्क आहे, आणि सूत्रधाराजवळ पाठीमागचे गणित असले पाहिजे. हे गणित शालेय पदार्थविज्ञानाच्या पलीकडे जात नाही. कलाशाखेच्या वाचकांनी बिचकू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

गोळीचा जोर मोजण्याचे पहिले माप म्हणजे तिची गतिज ऊर्जा: वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. किलोग्रॅम आणि मीटर-सेकंद वापरले की उत्तर ज्यूलमध्ये येते. आपल्या महाविद्यालयातील एनसीसीचे छात्र ज्या .२२ च्या रायफलीने नेमबाजी करतात, तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. म्हणजे ऊर्जा १४० ज्यूल. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅम, ३६० मीटर. ऊर्जा सुमारे ५२० ज्यूल. अमेरिकन एम-१६ रायफलीची गोळी अवघी ३.५६ ग्रॅमची, पण वेग ९९० मीटर. ऊर्जा १७४५ ज्यूल. जुन्या ७.६२ मिलिमीटर लष्करी रायफलीची ९.५ ग्रॅमची गोळी ८४० मीटर वेगाने सुटते आणि ३३५० ज्यूल घेऊन जाते.

आता फासे. 'गर्प्स' हा स्टीव्ह जॅक्सन यांच्या संस्थेचा खेळ १९८६ पासून चालत आलेला आहे. त्याच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत एम-१६ च्या जातीच्या रायफलीला ५ फासे, ७.६२ च्या रायफलीला ७ फासे आणि ९ मिलिमीटर पिस्तुलाला २ फासे अधिक २ गुण दिलेले आहेत. ऊर्जा दुप्पट झाली तरी फासे दुप्पट झालेले नाहीत. ऊर्जेचे वर्गमूळ काढून पाहिले की मेळ बसतो. १७४५ चे वर्गमूळ जवळजवळ ४२. त्याला ५ ने भागले तर ८.४. मग ३३५० चे वर्गमूळ ५८, भागिले ८.४, उत्तर ६.९, म्हणजे ७ फासे. पिस्तुलाचे उत्तर २.७ येते, तेही छापील आकड्याला धरून आहे. तेव्हा ऊर्जेचे वर्गमूळ भागिले ८.४, हा आपला विनिमयाचा दर ठरला. वर्गमूळ का, तर ऊर्जा चौपट झाली म्हणून जखम चौपट खोल होत नाही. आणि शिवाय मूठभर फाशांत साऱ्या जगातली शस्त्रे बसवायची असतात. हा दुसरा हेतू मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हाती दर आला की माणूस उधळपट्टी करू लागतो. कल्पनेतल्या बंदुकीचा वेग वाढवायला पैसे पडत नाहीत. कोणी सेकंदाला १० किलोमीटर म्हणतो, कोणी १००. ज्यूल व्हर्न यांच्यासारख्या अभ्यासू लेखकालाही या मोहाने गाठले होते. त्यांच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत ९०० फूट लांबीच्या तोफेतून तीन प्रवासी सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर वेगाने निघतात. वेगाच्या वर्गाला नळीच्या दुप्पट लांबीने भागले की नळीतील त्वरण मिळते. ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या बावीस हजार पटींहून अधिक येते. साठ किलोच्या माणसाचे वजन त्या क्षणी तेराशे टन होईल. व्हर्न यांनी प्रवाशांखाली पाण्याचे थर घातले आहेत खरे, पण तेराशे टनांपुढे पाणी काय करणार!

दारूच्या बंदुकीला तर स्वतःचीच एक कमाल मर्यादा आहे. जळलेल्या दारूचा वायू स्वतः जितक्या वेगाने पसरू शकतो त्याच्या फार पुढे तो गोळीला ढकलू शकत नाही. त्यामुळे रणगाड्याच्या तोफासुद्धा सेकंदाला १७००-१८०० मीटरच्या आसपास थांबतात. हायड्रोजनसारखा हलका वायू वापरणाऱ्या प्रयोगशाळेतील तोफा ७ किलोमीटरपर्यंत पोहोचतात, पण त्या खांद्यावर घेऊन फिरण्याच्या नव्हेत. म्हणूनच खेळांचे लेखक विजेकडे वळतात. वीज ही मर्यादा उठवते हे खरे. कॅनबेराच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात ३ ग्रॅमचा तुकडा विजेच्या रुळांवरून सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने फेकण्यात आला होता. अमेरिकन नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातील डॅलग्रेन येथे ३३ मेगाज्यूलचा बार काढला. पण याच नौदलाने २०२१ मध्ये हे काम थांबवले; प्रत्येक बारागणिक रूळ झिजतात, ही त्या तोफेची जुनी दुखणाईत बाजू होती.

तर आपण आपली बंदूक बेतू या. नळी ६० सेंटिमीटर. गोळी म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची, २० मिलिमीटर लांबीची पोलादी सुई. तिचे वस्तुमान साधारण २ ग्रॅम भरते. वेग सेकंदाला ३००० मीटर. ऊर्जा ९००० ज्यूल, म्हणजे ११ फासे. सामान्य पात्राजवळ प्राणाचे १० गुण असतात आणि ११ फाशांची सरासरी ३८ येते. कागदावर प्रकरण भयंकर दिसते.

आता हिशेब मागायला सुरुवात करू. सर्वांना पहिला प्रश्न सुचतो तो खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, येथे ६ येतो. ७.६२ च्या रायफलीत एकट्या गोळीचाच ८ असतो आणि मागोमाग सुटणाऱ्या वायूचा वेगळा. म्हणजे आपली भविष्यकालीन बंदूक खांद्याला जुन्या रायफलीहून सौम्यच लागेल. धक्क्याची भीती बाळगणाऱ्यांना हा निकाल अनपेक्षित वाटतो; पण हलकी गोळी आणि मोठा वेग असला की ऊर्जा पुष्कळ आणि धक्का थोडा, असेच होते.

खरी कसोटी दुसरीकडे आहे. सुई नळीत ०.४ मिलिसेकंदच असते. तेवढ्यात ९००० ज्यूल द्यायचे म्हणजे सरासरी साडेबावीस मेगावॉट शक्ती लागते. आपल्या लोहमार्गावरील डब्ल्यूएपी-७ जातीचे विजेचे इंजिन ६३५० अश्वशक्तीचे असते. अशी जवळजवळ पाच इंजिने त्या क्षणापुरती बंदुकीला जोडावी लागतील. अर्थात एम-१६ चीही शक्ती त्या एका मिलिसेकंदात पावणेदोन मेगावॉट असते. फरक इतकाच की तिथे ही शक्ती दारूच्या दीड-दोन ग्रॅमांत फुकट बसलेली असते. विजेच्या बंदुकीला ती कोठेतरी साठवून एकदम सोडावी लागते. आजची चांगली लिथियम बॅटरी किलोमागे ९ लाख ज्यूल साठवते, पण ते एकदम ओतू शकत नाही. संधारित्र, म्हणजे कॅपॅसिटर, एकदम ओततो, पण त्यात किलोमागे एक-दोन हजार ज्यूलच मावतात. निम्मी वीज वाया जाते असे धरले, आणि हे धरणे उदारपणाचे आहे, तर एका बाराला १८,००० ज्यूल हवेत. म्हणजे शंभर बारांची बॅटरी दोन किलोची आणि एका बाराचा कॅपॅसिटर नऊ किलोचा! ज्या सूत्रधाराला अशी बंदूक सैनिकाच्या हातात द्यायची आहे, त्याने 'आमच्या शतकात कॅपॅसिटर दसपट सुधारले आहेत' हे एक वाक्य आपल्या जगाच्या इतिहासात लिहावे. त्याला माझी हरकत नाही. एक वाक्य चालते. प्रत्येक अडचणीला एकेक वाक्य चालत नाही.

कारण वाया गेलेले ते ९००० ज्यूल जातात कोठे? ते बंदुकीतच उष्णता होऊन राहतात. तीन किलो पोलाद तापवायला एका अंशासाठी सुमारे १३५० ज्यूल लागतात. म्हणजे दर बारागणिक बंदूक पावणेसात अंशांनी तापते. तीस बारांची एक सर ओढली तर दोनशे अंश. सात बारांच्या उष्णतेत एका पेल्यातले पाणी चहाइतके उकळते. हे मला या साऱ्या गणितातले सर्वांत उपयोगी फलित वाटते, कारण ते थेट खेळात उतरते. खेळाडू उत्साहाने 'मी सलग गोळ्या झाडतो' म्हणाला की सूत्रधाराने फक्त अंश मोजत जायचे. शंभर अंशांना हातमोजे लागतात, दोनशेला बंदूक थांबते. शत्रू समोर असताना थंड होण्याची वाट पाहणारा सैनिक, यातून जे नाट्य मिळते ते अकरा फाशांतून मिळत नाही.

आता सुई नळीतून बाहेर पडली. येथे बहुतेक खेळांची पुस्तके हवा विसरतात. त्यांना दोष तरी किती द्यावा! गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये प्रक्षेपित वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो हे दाखवल्यावर पुढे शंभर वर्षे तोफशास्त्राच्या पंडितांनी हवेचा विरोध क्षुल्लक मानला. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळ्या झाडून, लंबक किती हलतो त्यावरून त्यांचा वेग मोजला, आणि हवा गोळीला कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक अडवते हे उघड केले. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाला तो ग्रंथ इतका महत्त्वाचा वाटला की त्याने १७४५ मध्ये तो आपल्या टीकेसह जर्मनमध्ये आणला.

हवेला वजन असते हे आपण विसरतो. ४ मिलिमीटर जाडीचा आणि एक किलोमीटर लांबीचा हवेचा स्तंभ कल्पा. त्याचे वजन १५ ग्रॅम भरते. आपली सुई २ ग्रॅमची! तिला स्वतःच्या सातपटीहून जड अडथळ्यातून वाट काढायची आहे. टोकदार आकारामुळे बरीचशी हवा बाजूने निसटते. अणकुचीदार सुईपुरता ढोबळ नियम असा की स्तंभाच्या वजनाचा आठवा हिस्सा घ्यावा आणि त्याला सुईच्या वजनाने भागावे. तेवढ्या अंशाने वेग घटतो. शंभर मीटरचा स्तंभ दीड ग्रॅम. त्याचा आठवा हिस्सा भागिले दोन ग्रॅम, म्हणजे नऊ टक्के. पुढील शंभर मीटरांत उरलेल्याचे नऊ टक्के. वाणिज्य शाखेतील मित्र याला घटत्या शिलकेवरचा घसारा म्हणतील. पाचशे मीटरवर ३००० चा वेग १८७० वर येतो आणि ९००० ज्यूल पैकी ३५०० उरतात. साडेपाच हजार ज्यूल वाऱ्यावर गेले, अक्षरशः.

म्हणून वेग कमी करून सुई जड करून पाहू. त्याच आकाराची सुई टंगस्टनच्या मिश्रधातूची केली तर ती ४.४ ग्रॅमची होते. (टंगस्टनला चुंबक ओढत नाही, तेव्हा तिला लोखंडी वेष्टन लागेल, ते हिशेबात धरलेले नाही.) वेग निम्मा, १५०० मीटर. सुटताना ऊर्जा ४९५० ज्यूल, म्हणजे आठ फासे. बंदूक दर बाराला पावणेसातऐवजी पावणेचार अंशच तापते. शंभर मीटरांना घसारा नऊऐवजी सव्वाचार टक्के. पाचशे मीटरवर तिच्याजवळ ३२२५ ज्यूल शिल्लक असतात; वेगवान पोलादी सुईजवळ ३५०५ होते. फाशांत दोन्ही सारख्याच, सात. किलोमीटरवर तर पारडे फिरते: टंगस्टन २१०० ज्यूल, पोलाद १३६५. निम्म्याहून थोड्या अधिक विजेत आणि तेवढ्याच उष्णतेत तेच काम, आणि दूरवर अधिक चांगले. मासिकांच्या मुखपृष्ठावर 'महावेगवान' म्हणून मिरवणारी बंदूक या हिशेबात दुय्यम ठरते.

तरी वेगाची बाजू अगदीच लंगडी नाही. पाचशे मीटर जायला पोलादी सुईला ०.२१ सेकंद लागतो, टंगस्टनला ०.३७. तेवढ्या वेळात पहिली २२ सेंटिमीटर खाली येते, दुसरी ६८. सेकंदाला पाच मीटर धावणारा माणूस पहिलीच्या वेळेत एक मीटर सरकतो, दुसरीच्या वेळेत जवळजवळ दोन. म्हणजे वेगाचे बक्षीस जखमेच्या फाशांत नव्हे, नेम लागण्याच्या फाशांत द्यायला हवे. बरेच नियमकर्ते ते भलत्याच रकान्यात टाकतात.

चिलखताची गोष्ट आणखी विचित्र आहे. फार मोठ्या वेगाला पोलादसुद्धा पाण्यासारखे वागू लागते. त्याचा कठीणपणा कामी येत नाही, केवळ घनता कामी येते. अशा वेळी सुई जास्तीत जास्त किती खोल जाईल? तिच्या लांबीला दोन्ही घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणावे. पोलादी सुई पोलादी पत्र्यात स्वतःच्या लांबीइतकीच, म्हणजे २० मिलिमीटर. टंगस्टनची कमाल ३० मिलिमीटर. त्यापुढे वेग कितीही वाढवला तरी भोक खोल होण्याऐवजी रुंद होत जाते. रणगाडे फोडणारे बाण लांबलचक सळीसारखे असतात ते याचमुळे. आणि उघड्या शरीरातून अशी बारीक सुई बहुतेक ऊर्जा आपल्याबरोबर घेऊन पलीकडे निघून जाते. गर्प्सने बारीक गोळीची जखम निम्मी धरण्याचा नियम केला आहे तो मला रास्त वाटतो. आठ फाशांची सरासरी २८, निम्मे १४. माणूस कोसळेल, पण त्याचे सोबती त्याला वाचवू शकतील, आणि कथेला पुढचा प्रसंग मिळेल.

किरणांच्या बंदुकीविषयी थोडक्यात. लेसरला धक्का नाही, घसरण नाही. पण किरण पसरतो. पाच सेंटिमीटरचे भिंग आणि एक मायक्रॉन तरंगलांबी धरली तर किलोमीटरवर ठिपका पाच सेंटिमीटरचा होतो. छिद्र पडण्याऐवजी चटका बसतो. उष्णतेचा प्रश्न सुईपेक्षा लेसरला अधिक भेडसावतो, तो वर आलाच आहे.

हे सारे आकडे पृथ्वीच्या हवेतले. मंगळावर हवेची घनता आपल्या साठाव्या हिस्स्याच्या आसपास आहे; तेथे घसारा सोडून दिला तरी चालेल. चंद्रावर हवाच नाही. तेथील मुक्तिवेग सेकंदाला २.३८ किलोमीटर आहे, म्हणजे आपली पोलादी सुई नेम चुकली तर चंद्र सोडून कायमची निघून जाईल. टंगस्टनची सुई मात्र पुन्हा खाली येईल, कोठेतरी, कोणाच्या तरी वसाहतीवर, सुटली होती जवळजवळ त्याच वेगाने. आणि कोणी नेमका १६८० मीटरचा वेग ठेवून, वाटेत डोंगर नाही अशा ठिकाणाहून क्षितिजाच्या समांतर गोळी झाडली, तर ती चंद्राला प्रदक्षिणा घालून सुमारे १०८ मिनिटांनी झाडणाऱ्याच्या पाठीत येईल. खेळाचे एक सत्र तीन-चार तासांचे असते. सूत्रधाराने घड्याळाकडे पाहून वेळ टिपून ठेवावी आणि खेळाडूंना काही बोलू नये.